इम्तियाज, मी आणि बँकेचा ॲरे

आधी हेव्याचं सांगते, मग कामाचं. भिवंडीत कल्याण नाक्याजवळ दामले साहेबांची कॉम्प्युटर दुरुस्तीची छोटी फर्म होती. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. एवढ्या वर्षांत मला हेवा वाटला तो एकाच माणसाचा. इम्तियाज खोत त्याचं नाव. वयाने माझ्याहून लहान, नोकरीत माझ्यानंतर आलेला, मला ‘नलिनीताई’ म्हणणारा. तो माझ्यापेक्षा हुशार होता की नाही, यावर मी अजून निकाल दिलेला नाही.

आता काम. कॉम्प्युटर मंद चालतो अशी तक्रार आली की नव्वद टक्के लोक म्हणतात, मशीन जुनं झालं. खरं कारण बहुतेक वेळा डिस्क असते. डिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणारा एक हात. मशीनमधलं बाकी सगळं विजेच्या वेगाने चालतं, हा हात मात्र खरोखरचा हलतो. म्हणून सगळे त्याच्यासाठी ताटकळतात. ते किती ताटकळतात हे मोजायचं आणि कमी करायचं, हे माझं काम.

ऐंशीच्या दशकात ते सोपं आणि मजेचं होतं. तेव्हाच्या डिस्कवर माहितीचे कप्पे गोलाकार मांडलेले असत. मशीन एक कप्पा वाचून श्वास घेईपर्यंत पुढचा कप्पा हाताखालून निघून जायचा, आणि मग पूर्ण फेरी होईपर्यंत थांबायचं. वज्रेश्वरीच्या जत्रेतल्या पाळण्यात आपली खुर्ची हुकली की थांबावं लागतं, तसं. त्यावर उपाय असा की कप्प्यांचे नंबर सलग न देता मध्ये जागा सोडून द्यायचे. किती जागा सोडायची हे मशीनप्रमाणे बदलायचं आणि कारखान्यातून येताना ते हमखास चुकलेलं असायचं. मी मोजून बरोबर नंबर घालायचे. तेच मशीन, तीच डिस्क, आणि सूतवाल्या शेठचं बिल चहा संपायच्या आत छापून यायचं. हे भिवंडीत तेव्हा मला एकटीलाच येत होतं. मला ते आवडायचं. काम तर आवडायचंच, पण ‘एकटीला’ हा भाग जरा जास्त.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका सूत व्यापाऱ्याने चालू कॉम्प्युटरला दुलईत गुंडाळून ठेवलं होतं. मी विचारलं, याला थंडी वाजते का? तो म्हणाला, “थंडी नाय मॅडम, रुई. आमच्याकडे रुई माणसाच्या नाकात जाते, मशीनच्या नाय जानार?” त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. दुलई काढली तेव्हा पंख्याच्या तोंडाशी कापसाची गादी बसली होती.

नव्वदीच्या सुरुवातीला इम्तियाज आला. कोकणी मुसलमानांचं जुनं घराणं, खाली स्वतःचे माग, वर घर. उंच, हसतमुख, कुणाशीही पहिल्या वाक्यात ओळख काढणारा. मराठी मराठीसारखी बोलायचा आणि हिंदी हिंदीसारखी. मी गिऱ्हाइकाकडे गेले की तासभर आकडे घ्यायचे, मग बोलायचे. तो आधी बोलायचा, हसायचा, आणि जाता जाता दुखणं काय ते सांगून जायचा. बऱ्याचदा ते बरोबर निघायचं. महिन्याभरात फोन यायला लागले, ‘इम्तियाजभाईंना पाठवा.’

मानकोलीला लालजीशेठचं गोदाम होतं. ट्रकबरोबर द्यायचं मालाचं चलन छापून निघायला इतका वेळ लागे की ट्रकवाले शिव्या देत. मी दोन दुपारी तिथे बसून मोजलं. डिस्क मरमर राबत होती, पण हिशोबाच्या कामासाठी नाही. मशीनची मेमरी अपुरी होती, त्यामुळे न मावणारं सामान मशीन सारखं डिस्कवर नेऊन टाकायचं आणि परत उचलून आणायचं. डिस्क नुसती हमाली करत होती. मेमरी वाढवायचं ठरलं. ती घेऊन आम्ही इम्तियाजच्या स्कूटरवरून गेलो. मी ती बसवली. चलनं धडाधड निघायला लागली.

लालजीशेठ उठून आले आणि त्यांनी इम्तियाजचा हात हातात घेतला. “वाह, इम्तियाजभाई.”

“मी काही नाही केलं शेठ,” तो म्हणाला. “सगळं ताईंनी शोधलं. मी फक्त स्कूटर चालवली.”

लालजीशेठनी माझ्याकडे पाहिलं, मग मुनीमजींकडे. “देखो, कितना बडा दिल है लडके का.”

चहा आला तो आधी त्याला. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “ताई, मी सांगितलं हां त्यांना.” मी म्हटलं, “ऐकलं मी.” तो खोटारडा असता तर बरं झालं असतं. खोटारड्याचा राग तरी करता येतो. हा खरं बोलायचा आणि ते खरंसुद्धा त्याच्याच नावावर जमा व्हायचं.

मी बाई होते म्हणून असं व्हायचं का? काही अंशी नक्कीच. मागांच्या कारखान्यात मी शिरले की लोक खुर्ची पुसायचे आणि मालक येईपर्यंत काहीच सांगायचे नाहीत. तो शिरला की खांद्यावर हात टाकून सगळं सांगायचे. पण सगळंच त्यावर ढकलणंही सोयीचं होतं. त्याला काही गोष्टी माझ्या आधी सुचायच्या. त्याच्या पुरुष असण्याचा हेवा कुठे संपतो आणि त्याच्या डोक्याचा कुठे सुरू होतो, हे मला अजूनही नीट वेगळं करता येत नाही.

मग बँकेचं काम आलं. भिवंडीतलीच एक सहकारी बँक. तिने सगळ्या शाखांची खाती एका मोठ्या मशीनवर आणली आणि त्यासाठी डिस्कचा ॲरे घेतला. ॲरे म्हणजे एका कपाटात पाच डिस्क, पण मशीनला वाटतं एकच मोठी. माहितीचे तुकडे पाचांवर वाटलेले. एक डिस्क मेली तरी उरलेल्या चौघी तिचा भाग हिशोबाने भरून काढतात. भिवंडीतला तो आम्ही पाहिलेला पहिला ॲरे. आम्ही दोघांनी मिळून तो बसवला. कपाट माणसाहून उंच आणि अरुंद, पाच डिस्क खालच्या कप्प्यांत, वरचे कप्पे रिकामे. पडू नये म्हणून बँकेच्या सुताराने ते लोखंडी पट्ट्यांनी मागच्या भिंतीला आवळून टाकलं.

ॲरेबरोबर तो बनवणाऱ्या कंपनीने बंगलोरच्या प्रशिक्षणाची एक जागा दिली होती. एकच. दामले साहेब म्हणाले, “आधी बँक नीट चालू दे. जो हे मार्गी लावेल तो जाईल.” मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी कुणाला बोलून दाखवली नाही.

बँक काही नीट चालेना. संध्याकाळी दिवसाचा हिशोब बंद करायचं काम मशीनवर लावलं की ते संपता संपायचं नाही, आणि ते संपल्याशिवाय कुणाला घरी जाता यायचं नाही. मॅनेजर पाटकर साहेब सौम्य माणूस, पण एकदा म्हणाले, “मॅडम, जुन्या वह्यांवर आम्ही सहाला घरी जात होतो.”

इम्तियाजने निदान केलं, आणि ते चांगलं होतं. पाच डिस्कच्या अशा रचनेत एक छोटी नोंद लिहायची तर चार कामं पडतात. जुनी माहिती वाचा, तिचा हिशोब वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. बँकेत सगळ्या छोट्याच नोंदी. त्यातही मशीन कुठलंही खातं बदलण्याआधी ‘आता मी हे करणार आहे’ अशी एक टीप लिहून ठेवतं, तिला लॉग म्हणतात. ही लिखापढी सतत चालू. त्याचं म्हणणं, लॉगला पाचांतून बाहेर काढू, दोन नव्या डिस्क घेऊन त्याला स्वतंत्र जोडी देऊ. मी म्हटलं, आधी आठवडाभर मोजू. तो म्हणाला, “ताई, मोजून काय होणार, दिसतंय ना.” दामले साहेबांनाही दिसलं. नव्या डिस्क आल्या, रिकाम्या असलेल्या वरच्या कप्प्यांत बसल्या. गुरुवारी त्याने लॉग तिथे हलवला. शुक्रवारी हिशोब झरझर बंद झाला. पाटकर साहेबांनी पेढे मागवले. बंगलोरची जागा इम्तियाजला मिळाली.

त्या शुक्रवारचे पेढे मी खाल्ले. चव आठवत नाही.

शनिवारी बँक अर्धा दिवस होती, कामही थोडं होतं. रविवारी तो गेला. सोमवारी हिशोब पूर्वीपेक्षाही रखडला. दामले साहेब म्हणाले, “इम्तियाजला बंगलोरला फोन लावू का?”

“नको,” मी म्हटलं. “आधी मला बघू दे.”

आता एक गोष्ट समजून घ्या, तीही बँकेच्याच खिडकीवरून. तुम्हाला उशीर दोन कारणांनी होतो. एक तर रांग लांब असते, नाहीतर कारकून मंद असतो. डिस्कचंही तसंच. रांग लांब असेल तर काम वाटून द्यायचं, म्हणजे इम्तियाजने केलं ते. पण कारकूनच मंद असेल तर कितीही खिडक्या उघडा. मी दोन्ही आकडे वेगवेगळे घेतले. रांग आता फार नव्हती. प्रत्येक कामालाच डिस्क नेहमीच्या कितीतरी पट वेळ घेत होती. सातही डिस्क, आणि वरच्या दोन सगळ्यांत जास्त. सात नव्या डिस्क एकदम आजारी पडत नाहीत.

मी रोज संध्याकाळी जाऊन बसायला लागले. खारबावला घरी पोचायला उशीर व्हायचा. आई म्हणायची, “काय गो, तो बँकेचा मशीन काय तुजा पोर हाय?” मी म्हणायचे, न्हाय. पण उठवत नव्हतं. एवढं मला शोधायचंच होतं, आणि तो परत यायच्या आत शोधायचं होतं.

पुढचा शुक्रवार पुन्हा चांगला गेला. बँकेतले म्हणाले, शुक्रवारी बाजार थंड असतो, नोंदीच कमी. मलाही ते पटलं होतं. मग एका संध्याकाळी हिशोब चालू असताना वीज गेली. बँकेचं मशीन बॅटरीवर चालू राहिलं. खोलीत अंधार, फक्त माझ्यासमोरचा पडदा, आणि त्यावर दर थोड्या वेळाने नवे आकडे. ते खाली यायला लागले. काम तेच, नोंदी त्याच, आणि प्रत्येक डिस्क एकदम शहाणी झाली. मी पडद्याकडे बघत राहिले आणि मग जाणवलं की खोलीत भलतीच शांतता आहे.

मागच्या भिंतीपलीकडे मागांचा कारखाना होता. वीज गेली तसे माग थांबले होते. शुक्रवारी तर त्यांना सुट्टीच असते.

वीज आली. पलीकडे एकेक माग खटखट सुरू झाला आणि इकडे आकडे चढायला लागले. मी उठून कपाटावर तळवा ठेवला. ते थरथरत होतं. डिस्कचा हात केसाहून बारीक रेघेवर स्थिरावायला बघतो. खालची जमीनच हलत असेल तर तो चुकतो, पुन्हा येतो, पुन्हा चुकतो. भिवंडीत मागांचा आवाज कोण ऐकतं? सगळं गाव त्यात बुडालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मागांच्या सुट्या भागांच्या दुकानातून जाड रबराचे तुकडे आणले आणि कपाटाखाली घातले. उलट झालं. ते उंच कपाट मऊ पायांवर जास्तच डुलायला लागलं. रबर काढलं. मग भिंतीच्या पट्ट्या सोडवल्या आणि कपाट भिंतीपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन खाली जमिनीला पक्कं केलं. खालच्या पाच डिस्क लगेच सुधारल्या. वरच्या दोन नाहीत. झाड शेंड्याला जास्त हलतं, तसं कपाटही वरच जास्त हलत होतं. आणि सगळ्यात जास्त लिखाण करणारा लॉग नेमका तिथे होता. इम्तियाजने ठेवलेला.

लॉगच्या डिस्क खाली आणायच्या म्हणजे सगळ्यांची जागा बदलायची. त्या काळच्या ॲरेत डिस्क क्रम चुकवून बसवल्या तर सगळी माहिती गेली. बँकेला सुट्टी होती त्या दुपारी मी बसले, शेजारी पाटकर साहेब. आधी टेपवर सगळ्याची नक्कल घेतली आणि ती उघडते का ते पाहिलं. प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवली.

“मॅडम, हे चुकलं तर?” पाटकर साहेबांनी विचारलं.

“तर टेप आहे.”

“आणि टेप चुकली तर?”

“तर उद्या आपण दोघांनी यायचं नाही.”

ते हसले नाहीत. मी मशीन चालू केलं. एकेक डिस्क ओळख देत गेली. सगळी खाती जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवसापासून बँक सहाला बंद व्हायला लागली. पाटकर साहेबांनी दामले साहेबांना फोन केला. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे ऐकू आलं. “खोतांनी बसवलेलं आता बरोबर लागू पडलं बघा. नवीन गोष्ट रुळायला वेळ लागतोच. मॅडमनी जागाही चांगली बदलून दिली.”

इम्तियाज बंगलोरहून सर्टिफिकेट घेऊन आला. मी त्याला सांगितलं, मागांची थरथर होती. तो खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. “आयला, ताई. माझ्या पलंगाखाली चोवीस तास माग चालतात. शुक्रवारी ते बंद असले की मला झोप लागत नाही. मला ते ऐकूच येत नाहीत.” मग विचारलं, “काय केलंत?”

“रबर घालून पाहिलं. मग भिंतीपासून सोडवलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

लॉग वरून खाली आणल्याचं मी सांगितलं नाही. त्याची चूक झाकायला नव्हे. मी सांगितलं असतं तर तो खूश होऊन सगळ्या भिवंडीला सांगत सुटला असता, ‘माझ्याच बदलाने बिघडलं होतं, ताईंनी सुधारलं,’ आणि लोक म्हणाले असते, बघा किती मोठं मन. तेवढं एक मला माझ्याकडे ठेवायचं होतं.

पुढे त्या सर्टिफिकेटवर त्याला बंगलोरला नोकरी लागली. निरोपाला बँकेने त्याला शाल दिली. जाताना तो म्हणाला, “ताई, बँकेचं अडलं होतं तेव्हा मला फोन का नाही केलात?”

“केला असता तर तू तिथूनच सांगितलं असतंस.”

त्याने विचार केला. “सांगितलं असतं बहुतेक,” तो म्हणाला. खरं बोलायची खोड ती.

तो गेल्यावर मला वाटलं होतं, आता सुटले. फोन माझ्याच नावाने यायला लागले. लालजीशेठसुद्धा ‘मॅडमला पाठवा’ म्हणायला लागले. पण मी पूर्वीइतकं मोजेनाशी झाले. कारण सापडलं की काम करून निघायचे. कुणाच्या आधी सापडलं, याला काही अर्थच उरला नव्हता.

नव्वदीच्या शेवटी बंगलोरच्या प्रशिक्षणाची जागा पुन्हा आली आणि या वेळी ती माझी होती. वर्गात देशभरातले इंजिनिअर, बहुतेक माझ्याहून तरुण. दार उघडून शिकवणारे सर आत आले. इम्तियाज. टाय लावलेला, थोडा जाड झालेला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. मी पहिल्या बाकावरून मागे जायचा विचार केला, पण तेवढ्यात तो बोलायला लागला होता.

तो उत्तम शिकवायचा. हे मी नाइलाजाने लिहिते. तिसऱ्या दिवशी त्याने पडद्यावर चित्र लावलं. उंच कपाट, मागे भिंत, भिंतीमागे माग. भिवंडीची बँक. शुक्रवार, शांतता, वीज जाणं, सगळं त्याने असं रंगवलं की मीच पुढे काय होणार म्हणून ऐकत राहिले. मी जे स्वतः केलं होतं ते तो माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता. शेवटी कपाटाखाली रबराच्या गाद्या दाखवल्या आणि म्हणाला, “ज्यांनी हे शोधलं त्या इथेच बसल्या आहेत. नलिनीताई, प्लीज.”

मी उभी राहिले. माझं इंग्रजी अडखळायचं म्हणून हिंदीत बोलले. “सरांनी सांगितलं त्यात एक चूक आहे. रबराने आणखी बिघडलं होतं.”

त्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येऊन गेलं ते मी ओळखलं. कितीतरी वर्षं ते माझ्या चेहऱ्यावर असायचं. मी फळ्यापाशी गेले, कपाट काढलं, वरच्या आणि खालच्या डिस्कच्या वेळांमधला फरक दाखवला आणि सांगितलं की लॉगची जोडी वर होती, ती तळाला आणल्यावर काम झालं. ती वर कुणी ठेवली ते मी बोलले नाही. वर्गात कुणी हलत नव्हतं. त्या पाच मिनिटांसाठी मी बहुतेक वर्षानुवर्षं थांबले होते.

“एक मिनिट,” इम्तियाज म्हणाला. तो फळ्याकडे बघत होता. “लॉग वर मीच ठेवला होता. मी तीन वर्षं प्रत्येक वर्गाला ही गोष्ट चुकीची शिकवतोय, आणि बिघाड माझाच होता.”

वर्ग हसला. मग टाळ्या वाजल्या, त्याच्यासाठी.

मधल्या सुट्टीत सगळे चहाचे कप घेऊन त्याच्याभोवती जमले. मी खिडकीपाशी एकटी होते. कोइमतूरचा एक इंजिनिअर माझ्याकडे आला. त्याच्याकडेही गिरणीच्या आवारात मशीन होतं आणि तेही असंच रखडायचं. जमिनीची थरथर आणि भिंतीची थरथर आकड्यांवरून वेगळी कशी ओळखायची, असं त्याने विचारलं. ते मी भिवंडीत नंतर दोन ठिकाणी करून पाहिलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्याच्या कागदावर आकृती काढून समजावायला लागले. समोर इम्तियाजचं लक्ष आमच्याकडे गेलं. तो त्या घोळक्यातून वाट काढत, कप सांभाळत, आमच्या दिशेने यायला लागला.

मी आवाज थोडा खाली आणला.